मिठाला गेलेली

१

पुरुषोत्तम गोष्ट सांगायचा, तो ऐकणाऱ्याकडे पाठ करून.

लंडनजवळच्या पिनरमधल्या त्याच्या घराचं स्वयंपाकघर लांबट होतं. एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला बागेत उघडणारं काचेचं दार. सकाळचा चहा झाला की तो खुर्ची त्या दाराशी ओढायचा आणि बागेकडे तोंड करून बसायचा. मागे अरुणाची कामं चाललेली असायची. कणीक, फोडणी, भांड्यांची आदळआपट. तो सफरचंदाच्या झाडाकडे बघत सावकाश बोलायचा आणि ती मागून हुंकार द्यायची. लग्न नवं होतं तेव्हा बायकोच्या तोंडाकडे बघून बोलायला तो लाजायचा. तिथून हे सुरू झालं आणि लाज गेली तरी तसंच राहिलं.

हुंकाराचा नियम त्याला आत्यानं घालून दिला होता. सांगणाऱ्यानं थांबायचं, ऐकणाऱ्यानं "हं" म्हणायचं, मगच पुढचं वाक्य. हुंकार आला नाही तर गोष्ट तिथंच ठेवून द्यायची. "ऐकणारं कोणी नसताना पुढं जाऊ नको," आत्या म्हणायची. "मग गोष्ट तुझं ऐकत नाही."

शाळा त्याची चौथीपर्यंत. या देशात आला तो मिसरूड फुटायच्या वयात, आणि उभा जन्म ब्रेडच्या कारखान्यात गेला. गोष्टी मात्र त्याला सुचायच्या. लेकीनं त्या फोनवर ध्वनिमुद्रित करून टाइप केल्या, तिथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी त्यांचं पुस्तक काढलं, आणि लोक त्याला लेखक म्हणू लागले. कोणी तसं म्हटलं की तो स्वतःच्या हातांकडे बघत बसायचा.

अरुणाचा हुंकार साधा नसायचा. "हं, मग?" असा असायचा. जणू तव्यावर पोळी करपतेय आणि हा गृहस्थ रेंगाळतोय. नुसतं "हं" तिनं कधी म्हटलं नाही. गोष्ट संपली तरी ती विचारायची, "हं, मग?" आणि तो म्हणायचा, "अगं, संपली." "अशी कशी संपली?" ती म्हणायची. "कोणाचंच जेवण झालं नाही अजून."

शेवटची गोष्ट त्यानं तिला हॉस्पिटलात सांगितली. तिथंही सवयीनं पलंगाकडे पाठ करून खिडकीपाशी बसला होता, लेकीचा फोन शेजारी चालू ठेवून. गोष्ट नवी होती, पुढं काय होणार ते त्यालाही ठाऊक नव्हतं. एका नव्या सुनेला सासू आतल्या खोलीतून मीठ आणायला पाठवते. आतल्या खोलीत एक बाई तांदूळ निवडत बसलेली असते. ती विचारते, "कोण गं?" सून म्हणते, "मी. मिठाला आले." बाई म्हणते, "मीठ आत आहे." आत आणखी एक खोली. तिथंही एक बाई सूप घेऊन बसलेली. कोण गं? मीठ आत आहे. असं करत करत सून अशा एका खोलीत आली, जिथं कोणी काही विचारलंच नाही.

तिथं तो थांबला. मागून हुंकार आला नाही.

नियमाप्रमाणे त्यानं गोष्ट तिथंच ठेवली. पण मागे वळायला त्याला फार वेळ लागला. खाली पार्किंगमध्ये गाड्या लागत होत्या, निघत होत्या, आणि तो त्या बघत राहिला.

२

नंतर दोन हिवाळे त्यानं गोष्टीसाठी तोंड उघडलं नाही. मग नकुलचा फोन आला.

नकुल मूळचा नागपूरचा. बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि मंडळाचे कार्यक्रम तोच बघायचा.

"काका, संक्रांतीच्या प्रोग्रामला तुमचं वाचन ठेवतोय. चर्चचा हॉल बुक झाला. पोस्टर पण केलं."

"पोस्टर केलंस? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं ना."

पुरुषोत्तम हसला. "जुनी गोष्ट वाच म्हणशील तर वाचतो."

"जुन्या सगळ्यांना पाठ आहेत, काका. ब्रॅकनेलच्या मंजिरीताई तर तुमच्या आधी शेवट सांगून मोकळ्या होतात. नवीन हवी. पोस्टरवर 'नवी कथा' असंच छापलंय."

पुरुषोत्तमनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक आहे," तो म्हणाला. "अर्धी आहे."

फोन ठेवल्यावर तो उगाच स्वयंपाकघर आवरत बसला. कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं, पण दोन वर्षं तो एकाच गोष्टीचा विचार करत होता. त्या सुनेला त्यानं त्या खोलीत नेऊन सोडलं होतं. अंधारात, एकटीला. तिला मीठ घेऊन परत आणायचं होतं. बाकी वाचनाचं, टाळ्यांचं त्याला काही नव्हतं. तेवढं झालं की आपण मोकळे, असं त्याला वाटे. मोकळे कशातून, ते त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर त्यानं खुर्ची काचेच्या दाराशी ओढली. बागेत दहिवर पडलं होतं. गोष्ट पहिल्यापासून सुरू करावी म्हणून तो म्हणाला, "एक होती नवी सून," आणि थांबला.

मागे कोणी नव्हतं, तरी तो थांबला. पाय जिना उतरतात तसं त्याचं बोलणं थांबायच्या जागी आपोआप थांबायचं.

तेवढ्यात फ्रिज घुरघुरला.

जुना फ्रिज होता. मधेच सुरू व्हायचा, "हंऽ" करायचा आणि बंद पडायचा. पुरुषोत्तमला हसू आलं. "घे," तो म्हणाला, "तू तर तू." आणि पुढचं वाक्य सांगितलं. फ्रिज पुन्हा घुरघुरला. त्या सकाळी दोन वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या तोंडून गोष्ट वाहिली. सून पहिल्या खोलीत गेली, दुसऱ्या खोलीत गेली. तो उठला तेव्हा त्याला भूक लागली होती. त्यानं दोन अंडी तळून खाल्ली आणि फ्रिजच्या दारावर हलकेच थाप मारली.

असे काही दिवस गेले. छान गेले.

मग एका सकाळी हुंकार लवकर आला. वाक्य पुरं व्हायच्या आधी, "मीठ" म्हणून झालं आणि "आत आहे" म्हणायचं राहिलं होतं, तेवढ्यात. फ्रिज सुरू व्हायला काही वेळकाळ नसतो, त्यानं स्वतःला सांगितलं. तो पुढं सांगू लागला. पण सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की फ्रिज त्याच्या डाव्या हाताला आहे, आणि हुंकार येतोय तो पाठीमागून. शेगडीकडून.

तो मागे वळला नाही. गोष्ट चालू असताना वळायचं नसतं.

४

तो हुंकार अरुणाचा नव्हता. याची त्याला पहिल्या झटक्यातच खात्री होती, आणि तेच त्याला लागलंही. अरुणाचा हुंकार नाकातून यायचा, तुटक, घाईचा. हा खोल होता. मोठ्या देवळात घंटा थांबली की गाभाऱ्यात काही वेळ जे राहतं, तसा. एकाच माणसाच्या छातीतून निघावा इतका तो लहान नव्हता.

भीती वाटली. पण पळावंसं वाटलं नाही, हात जोडावेसे वाटले. कोणीतरी आपलं इतकं मन लावून ऐकतंय, आपल्यासारख्या पाव भाजणाऱ्या माणसाचं, हे त्याला सहन होईना आणि सोडवेना.

त्यानं कारणं शोधली. जोडघर होतं, मधली भिंत एकच. शेजारच्या म्हातारीकडे कोणी असेल. तो बाहेर जाऊन आला. तिच्या खिडकीला पडदे ओढलेले होते, ती नाताळापासून मुलाकडे गेली होती. बॉयलर असेल. पाइपात हवा असेल. मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी जाते तेव्हा कपाटातले पेले हलतात, तसं काही असेल. त्यानं शेगडीमागची भिंत हातानं ठोकून बघितली. भरीव होती. गार होती.

पण त्याला खरं घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं.

सून आता त्या खोलीत पोचली होती, जिथं कोणी विचारत नाही. हॉस्पिटलात गोष्ट जिथं राहिली, तीच जागा. त्यानं छातीभर श्वास घेतला आणि म्हणाला, "आणि ती मागे वळली."

मागे शांतता.

त्यानं वाट बघितली. बागेतल्या तारेवर एक रॉबिन येऊन बसला, उडून गेला. "मीठ घेऊन ती मागे वळली," तो पुन्हा म्हणाला. काही नाही. नियम त्याला माहीत होता. हुंकार नाही तर पुढं जायचं नाही. हळूच, स्वतःलाही ऐकू येईल न येईल अशा आवाजात तो म्हणाला, "पण मीठ तर मिळालं नव्हतं. म्हणून ती आणखी आत गेली."

"हं."

लगेच. जणू तेवढ्यासाठीच थांबलं होतं.

रोज तसंच होऊ लागलं. परत आणायला गेला की शांतता. आत नेलं की हुंकार. सून आत, आणखी आत चालली होती, आणि तो तिला हाताला धरून नेत होता.

५

ऋजुता शनिवारी आली. त्याची लेक. जन्म हॅरोचा, डोळे तपासायचं दुकान रायस्लिपला, आणि वडिलांवर जीव. येतानाच नवा फ्रिज घेऊन माणसं आली.

"बाबा, तो जुना फ्रिज किती आवाज करते! मागच्या वीकला मी ऑर्डर केला. सरप्राइज."

"चांगला होता गं तो."

"चांगला? तो थर्टी इयर्स जुना होता!"

नवा फ्रिज आला आणि एका कोपऱ्यात गप्प उभा राहिला. पुरुषोत्तमनं त्याला कान लावून बघितला. आवाज असा नव्हताच. दुसऱ्या सकाळी त्यानं गोष्ट उचलली, आणि हुंकार आला. आधीपेक्षा स्पष्ट. मधे घुरघुर नव्हती ना आता.

ऋजुतानं जाताना तिचा एक जुना फोन फळीवर ठेवला होता. रोज बटण दाबा, मी ऐकून टाइप करीन, म्हणाली होती. आठवड्यानं तिचा फोन आला.

"बाबा, रेकॉर्डिंग तुम्ही कुठे केली?"

"इथंच. स्वयंपाकघरात."

"नाही हो. हे किचन नाही आहे. कथीड्रलमध्ये बसल्यासारखं येतंय. तुमचा आवाज जातो, जातो, आणि मग परत येतो. वेट, थांबा, ऐकवते."

तिनं फोन फोनला लावला. पुरुषोत्तमला स्वतःचा म्हातारा, सावकाश आवाज ऐकू आला. *मीठ आत आहे.* तो आवाज लांब गेला, कुठं तरी फार मागे जाऊन टेकला आणि सावकाश परत आला.

"दुसरं काही ऐकू येतं?" त्यानं विचारलं.

"दुसरं काय?"

"मधे. मी थांबतो तेव्हा."

"काहीच नाही. आणि पॉजेस फार लांब आहे, बाबा. लोक झोपेल." ती हसली, मग हसता हसता थांबली. "बाबा, ही तीच गोष्ट आहे ना? आईला सांगत होता ती?"

"तीच."

"त्या मुलीला परत आणा हं," ऋजुता म्हणाली. "प्लीज. मला आधी टाइप करताना खूप वाईट वाटली."

"आणतो," पुरुषोत्तम म्हणाला. "म्हणून तर सांगतोय."

६

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळ उजाडलीच नाही. आभाळ इतकं खाली आलं होतं की चहाच्या वेळीही दिवा लावावा लागला. बाहेर अंधार, आत उजेड, त्यामुळे काचेच्या दारात बाग दिसायच्या ऐवजी स्वयंपाकघरच दिसत होतं. टेबल, दिवा, खुर्चीवर बसलेला एक म्हातारा.

तो झाडाच्या जागी नजर लावून बोलत राहिला. हुंकार येत होते. आणि हुंकारांच्या मधे आज आणखी एक आवाज होता. बारीक, कोरडा. तो ओळखायला त्याला वेळ लागला नाही. सुपावरून बोटांनी तांदूळ सरकवल्याचा आवाज.

त्यानं काचेत बघितलं.

शेगडी होती. तिच्या मागे भिंत असायला हवी होती, तिथं दार होतं. उघडं. त्या दारातून आणखी एक दार दिसत होतं, त्यातून आणखी एक. प्रत्येक चौकट आधीच्यापेक्षा थोडी लहान, थोडी काळी. आणि पहिल्या उंबऱ्याच्या आत, एक गुडघा उभा करून, कोणीतरी बसलेलं होतं. मान खाली. हात चालू.

मग हात थांबले. मान वर यायला लागली.

पुरुषोत्तमनं डोळे मिटले. "उरलेलं उद्या," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"हं," मागून आलं.

डोळे उघडले तेव्हा काचेत फक्त दिवा आणि म्हातारा होता. मनाशी त्यानं पक्कं केलं. हॉलमध्ये माणसं असतील. हाडामांसाच्या माणसांचा हुंकार असेल. त्यांनी "हं" म्हटलं की सून वळेल. मग इथलं कोणी काही म्हणो न म्हणो.

७

हॉलमध्ये चहाचा मोठा बंब सळसळत होता आणि तिळगुळाचे डबे उघडे पडले होते. बाहेर दुपारीच काळोख होत आला होता. पुरुषोत्तमनं कोट काढला आणि नकुलला बाजूला घेतलं.

"माझी खुर्ची फिरव. त्या खिडकीकडे."

"खिडकीकडे? काका, लोकांकडे पाठ होईल!"

"तशीच हवी."

"अहो, लोक तुम्हाला बघायला आलेत."

"मला बघून काय करतील? ऐकायला सांग."

नकुलनं डोकं खाजवलं आणि खुर्ची फिरवली. मग माइकवर म्हणाला, "मंडळी, आज काका आपल्यावर रागावलेले नाहीत, त्यांची पद्धतच तशी आहे." लोक हसले. पुरुषोत्तमनं बसल्या बसल्याच हुंकाराचा नियम सांगितला. मी थांबलो की तुम्ही हं म्हणायचं. इथं माणसं कार्यक्रमात चिडीचूप बसायला शिकली होती, खोकलासुद्धा रुमालात. त्यांना ते जमेना.

"आमच्याकडे उलटं आहे," मंजिरीताई मागून म्हणाल्या. "मी बोलते आणि हे हुंकार देतात!"

"म्हणूनच लग्न टिकलंय," त्यांचे यजमान म्हणाले, आणि हॉल खदखदून हसला. त्या हसण्यानं पुरुषोत्तमला धीर आला.

"एक होती नवी सून," तो म्हणाला.

"हं," दहा-बारा जण ओशाळत म्हणाले. पुढच्या वाक्याला आणखी काही. सून तिसऱ्या खोलीत पोचेपर्यंत सगळा हॉल एका श्वासात म्हणू लागला होता. समोरची खिडकी उंच होती आणि बाहेर पूर्ण अंधार. काचेत त्याला सगळे दिसत होते. पहिल्या रांगेत ऋजुता, मांडीवर हात घट्ट धरून. तिच्या मागे मंजिरीताई, यजमान, शाली, स्वेटर.

गोष्ट त्या खोलीशी आली. "तिथं तिला कोणी काही विचारलं नाही," तो म्हणाला.

"हं."

"तिनं अंधारात हात घातला. हाताला मीठ लागलं. तिनं मूठ भरली."

"हं."

"आणि ती मागे वळली."

हॉल गप्प झाला. बंबाची सळसळसुद्धा थांबली. त्यानं काचेत बघितलं. माणसांचे ओठ हलत होते. ऋजुताचे ओठ हलत होते. आवाज मात्र येत नव्हता. आणि शेवटच्या रांगेमागे, जिथं हॉलची भिंत आणि कोटांची खुंटाळी असायला हवी होती, तिथं आणखी रांगा होत्या. जमिनीवर बसलेल्या. मांडीवर सुपं घेतलेल्या. रांगांमागे रांगा, चौकटींमागे चौकटी, दिसेनाशा होईपर्यंत. त्या सगळ्या ऐकत होत्या. इतकं ऐकणं एका जागी त्यानं कधी बघितलं नव्हतं.

कोणीच हुंकार देत नव्हतं. आता गोष्ट इथंच राहणार, त्याला वाटलं. पुन्हा इथंच.

मग फार लांबून, सगळ्या चौकटींच्या पलीकडून, तुटक, घाईचा, नाकातून आवाज आला.

"हं, मग?"

पुरुषोत्तमनं खुर्चीचे हात घट्ट धरले. तो बोलू लागला. "ती एक खोली मागे आली." हं, मग? "तिथली बाई तिला काही बोलली नाही." हं, मग? काचेत, अगदी मागे, एक आकृती चालत येत होती. मूठ छातीशी धरलेली. दर हुंकाराला एक चौकट जवळ. चालणं त्याच्या ओळखीचं होतं. उजवा पाय किंचित ओढत. हिवाळ्यात गुडघा धरायचा तिचा.

ये, तो मनात म्हणाला. ये, ये.

आणि मग त्यानं ते बघितलं. ती ज्या बाईच्या शेजारून जाई, ती बाई सूप खाली ठेवी आणि उभी राही. हे त्यानं गोष्टीत सांगितलं नव्हतं. तिच्यामागे रांगच्या रांग उठत होती, आवाज न करता, आणि तिच्या पावलांवर पाऊल टाकत होती. पुढं हॉलच्या खुर्च्या होत्या. पहिल्या खुर्चीवर ऋजुता होती.

ती आली, तर एकटी येणार नव्हती.

"हं, मग?" आता कानाशीच. मेथीचा आणि टाल्कम पावडरीचा वास आला. एकच वाक्य उरलं होतं. 'ती बाहेर आली.' तीन शब्द. दोन वर्षं तो त्या तीन शब्दांसाठी जगला होता. ते त्याच्या जिभेवर आले आणि तिथंच थांबले.

तो फार सावकाश बोलला.

"ती उंबऱ्याशी आली. पलीकडे तिचं माणूस हात पुढं करून उभं होतं. तिनं वाकून मूठ उघडली आणि मीठ उंबऱ्यावर ठेवलं. म्हणाली, 'घ्या. जेवून घ्या सगळे. माझी वाट बघू नका.' आणि ती तिथंच, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, बसली."

तो थांबला. आता तिनं "मग" विचारलं, तर पुढं सांगावं लागणार होतं. नियम होता. तो डोळे मिटून बसला आणि आयुष्यात कधी बघितली नव्हती तशी वाट बघितली.

"हं," अरुणा म्हणाली.

नुसतं तेवढंच.

त्यामागून आवाज आला तो बसण्याचा. खूप माणसं एकेक करून खाली बसतात तसा, लुगड्यांचा, गुडघ्यांचा. आधी जवळ, मग मागे, मग त्याच्याही मागे, लांब लांब जात, शेवटी ऐकू येईना इतका.

८

टाळ्या वाजल्या तेव्हा बंब पुन्हा सळसळत होता. ऋजुतानं येऊन त्याचे दोन्ही हात धरले.

"बाबा, तुम्ही मधे इतका वेळ थांबला! आम्ही सगळे हं, हं म्हणत होतो. तुम्हाला ऐकू नाही आला?"

"आला."

तिचे डोळे भरलेले होते. "पण तुम्ही तिला परत नाही आणला."

"उंबऱ्यापर्यंत आणलं," तो म्हणाला.

"आणि त्या मिठाचं काय झाला?"

"स्वयंपाक झाला, बाळ. जेवले सगळे."

माणसं पांगली. नकुल खुर्च्या रचत होता. तो दाराशी गेला आणि थबकला. "हे कोणी सांडलं? आतल्या बाजूला? केअरटेकरनं बर्फासाठी ग्रिट टाकली असेल, ते जाडं मीठ. बाहेर टाकायची ना, आत कशाला?"

पुरुषोत्तम गुडघ्यावर हात देऊन वाकला. बाहेर पायऱ्यांवर टाकलेलं रस्त्याचं मीठ तपकिरी होतं, खड्यांचं. उंबऱ्यावरचं हे पांढरं होतं, बारीक, आणि जरासं दमट. बराच वेळ मुठीत धरल्यासारखं. त्यानं चिमूटभर रुमालात बांधलं. बाकीचं राहू दिलं.

"झाडून काढू का?" नकुलनं विचारलं.

"नको. आज नको."

तो उंबरा ओलांडून बाहेर गेला. थंडी कोटातून आत शिरत होती. पायऱ्या उतरून तो दाराकडे पाठ करून उभा राहिला.

"ऋजू, ओलांडून ये," तो म्हणाला. "पाय लावू नको त्याला."

"काय, बाबा, तुम्ही पण."

तो ऐकत राहिला. गोठलेल्या फरशीवर पावलं वाजली. एकाच माणसाची.

तेव्हा कुठं तो चालू लागला.